बहिणीला न सांगितलेला भाव

कापसाच्या अंदाजाबद्दलचे संघाचे नियम माझ्या हस्ताक्षरात होते. सभेत बोलले सगळेच, पण वाक्यं बसवली मी. तेव्हा मला त्यांचा फार अभिमान होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं वय, मराठी सातवी चांगल्या रीतीनं पास झालेला, आणि गावात ‘संघाचे चिटणीस’ म्हणून लोक बाजूला सरकून बसायला जागा देऊ लागले होते.

आमचा वऱ्हाड त्या काळी नागपूरच्या सरकारकडून चालवला जाई. गाव धाडपासून दीड कोसावर. तिथून पुढे थोडं गेलं की मोगलाई लागे, म्हणजे निजामाचा मुलूख. काळी जमीन, तिच्यात ज्वारी आणि पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. कापूस वेचून घरात आला की खरेदीदार दारात हजर व्हायचा. मुंबईचा भाव त्याला तारेनं कळलेला असे. मलकापूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, किती माल पडून आहे, कोणत्या तालुक्यात पीक बसलंय, कुठं चांगलं आलंय, सगळं त्याच्या खिशात. कास्तकाराला एवढंच माहीत की कापसानं खोली भरली आहे आणि गाडी दारात उभी आहे.

म्हणून आसपासच्या नऊ-दहा गावांतल्या कास्तकारांनी मिळून संघ काढला. दसरा झाला की आम्ही तिघंजण दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून निघायचो. प्रत्येक गावातली चार-पाच वावरं निवडायची, ओळीतल्या झाडांची बोंडं मोजायची, किडकी वेगळी मोजायची, गेल्या साली किती माल निघाला ते विचारून लिहून घ्यायचं. मलकापूर आणि खामगावच्या बाजारात आमची दोन माणसं होती, ती पत्रं पाठवत. बुलढाण्याच्या तारघरातून मुंबईचा भाव येई. हे सगळं जुळवून मी ‘अंदाज’ लिहायचो. पीक कसं आहे, भाव कुठं जाईल आणि माल कधी विकावा, एवढंच त्यात असे. पण त्या चार पानांसाठी तिघांचे दोन महिने जात.

पहिल्याच वर्षी अंदाज फुटला. एका सभासदानं तो आपल्या व्याह्याला सांगितला, व्याह्यानं दलालाला. भाव चढणार हे कळताच दलालांच्या गाड्या गावोगाव फिरल्या आणि लोकांना चढण्याचा पत्ता लागायच्या आत त्यांनी माल उचलून नेला. दुसरी गोष्ट याहून वाईट झाली. माहिती देणाऱ्या एका म्हाताऱ्याचं नाव अंदाजात होतं. त्याच्या घरात किती कापूस आहे हे भाऊबंदांना कळलं आणि त्यांनी जुनं वाटणीचं भांडण उकरून काढलं. पुढल्या साली त्या म्हाताऱ्यानं आम्हाला वावरात पाय ठेवू दिला नाही.

म्हणून नियम झाले. अंदाज फक्त सभेत वाचायचा, त्याची नक्कल कोणी करायची नाही. कागद कपाटात, किल्ली चिटणिसाकडे. माहिती देणाऱ्याचं नाव कुठंही लिहायचं नाही. ऐकलेल्या अंदाजावर सभासदानं आपला माल विकावा किंवा ठेवावा, पण दुसऱ्याचा माल विकत घेऊ नये. आणि सभासद नसलेल्या कोणालाही, ‘मग तो आप्त, इष्ट वा शेजारी असो’, एक शब्द सांगू नये. सांगेल तो तीन वर्षं संघाबाहेर. ‘आप्त, इष्ट वा शेजारी’ हे शब्द माझे. सभेत मी ते वाचले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “वा! काय पक्कं लिहिलं.” अध्यक्ष आमच्याकडचे मोठे जमीनदार, सहसा कोणाला वा म्हणत नसत.

मोठ्या बहिणीला आम्ही ‘बाई’ म्हणत असू. मला एकच बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि बाई दहाची. तिनंच मला वाढवलं. मी शाळेत जायला रडायचो म्हणून ती मला कडेवर घेऊन शाळेपर्यंत यायची आणि मी पुन्हा पळू नये म्हणून ओसरीवर बसून राहायची. बसून बसून ती वाचायला शिकली. मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा ते तिला म्हणाले, तूही पाटी आण. पण त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती आमच्यापासून चार कोसांवरच्या गावात नांदायला गेली.

तिच्या नशिबात नवऱ्याची साथ थोडीच होती. एक मुलगी झाली आणि पुढे दोन वर्षांनी भाऊजी तापानं गेले. जमीन दिराच्या नावावर होती, पण दीर मलकापूरला जिनात नोकरीला. कसायची बाईच. तिफण धरायला गडी असे, बाकी सगळं ती बघायची. पऱ्हाटीतलं तिला आमच्यापेक्षा जास्त कळत असे. आम्ही तिच्या वावरात बोंडं मोजायला गेलो की ती पदर खोचून आमच्याबरोबर ओळीतून फिरायची. एखादं बोंड मी मोजू लागलो की म्हणायची, “थे नोको मोजू. आतून गेलं हाये थे.” फोडून पाहिलं तर खरंच आत अळी असायची. मग बांधावर बसून ती आम्हाला भाकर आणि ठेचा वाढायची, आणि आपला आकडा कधी लपवायची नाही. दुसरे लोक घरातला माल निम्मा सांगत. तिचा आकडा मी डोळे झाकून लिहून घ्यायचो.

संघ निघाला तेव्हा तिनं सभासद होण्यासाठी अर्ज केला होता. स्वतःच्या हातानं लिहिलेला. सभेत कोणीतरी म्हणालं, खातं ज्याच्या नावावर तोच सभासद, बाईमाणसाचा अर्ज घ्यायचा कसा? अध्यक्षांनी मान हलवली. उत्तर मला लिहावं लागलं, ‘आपला अर्ज नियमांत बसत नसल्याने’ वगैरे. ते पत्र मीच तिच्या घरी घेऊन गेलो. तिनं चुलीपुढे बसून सगळं वाचलं, घडी केली आणि म्हणाली, “अक्षरानं मस्त वळन घेतलं तुह्या.”

मी सांगतो आहे ते साल त्यानंतरचं तिसरं. आमच्याकडे पऱ्हाटी मध्यम होती, पण मलकापूर आणि खामगावकडून पत्रं आली ती वेगळीच. खालच्या तालुक्यांत बोंडअळीनं पीक खाल्लं होतं. मुंबईच्या तारा पाहिल्या, तिथं मागणी वाढत होती. मी तीन वेळा सगळं ताडून पाहिलं. अंदाज स्पष्ट होता: सध्या बाजार पडल्यासारखा दिसेल, कारण लोक घाईनं माल काढतील, पण संक्रांतीनंतर भाव उठेल. माल धरून ठेवावा. सभेत मी तो वाचला. सगळे खाली मान घालून बाहेर पडले, जणू काही ऐकलंच नाही.

त्यानंतरच्या धाडच्या बाजाराला बाई आली आणि बाजार करून तिथंच असलेल्या संघाच्या खोलीवर आली. सोबत मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, डोळे, बाई म्हणायची, थेट आमच्या आईसारखे. ती मराठी चौथी पहिल्या नंबरानं पास झालेली. अमरावतीला मुलींना शिक्षिका करायची शाळा होती, तिथं पाठवा असं मास्तरांनी सांगितलं होतं आणि परीक्षेचे पेपरही अमरावतीला धाडले होते. बाईनं मनात पक्कं केलं होतं. मुलीला तिनं अंगणात पाठवलं आणि माझ्यासमोर बसली.

“यंदाच्या कापसावर पोरीले अमरावतीले धाडतो,” ती म्हणाली. “दिराचा कागद आला, तो हो म्हनते, पन खर्च तुहा तू पाह्य म्हनते. आता तू सांग. कापूस आता इकू का थांबू?”

मी दौतीचं झाकण लावलं.

“काऊन रे? इचारून राह्यली मी तुले.”

“मले सांगता येत नाही, बाई.”

“काऊन नाही?”

“नियम हाये. सभासद नाई त्याले सांगाचं नाई.”

“कोनं केला हा नियम?”

“सभेनं. लिहिला मी.”

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. “माह्या वावरातली बोंडं मोजून नेली तुमी,” ती म्हणाली. “भाकर खाल्ली बांधावर. माहा आकडा तुह्या त्या कागदात हाये का नाई?”

“हाये.”

“मंग माहा आकडा मलेच नाई सांगत?”

मी तिला पहिल्या वर्षीची गोष्ट सांगू लागलो, दलालांच्या गाड्यांची, त्या म्हाताऱ्याची. एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगावं लागतं, मग नियम उरत नाही, असं बरंच काही. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. ती पुढे वाकली आणि लहानपणी मला पाढे विचारायची त्या आवाजात म्हणाली, “बरं, तू बोलू नोको. तुहा नियम मोडत नाई. मी इचारतो, तू फक्त मान हालव. थांबू?”

मी मान हलवली नाही. समोरच्या कपाटाकडे बघत राहिलो. मान आपोआप हलेल अशी भीती वाटली म्हणून दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती, ते मला आजही आठवतं.

तिनं पिशवी जवळ ओढली. मग उठली. “बरं,” म्हणाली. मुलीला हाक मारली, जाताना मुलीला माझ्या पाया पडायला लावलं, पिशवीतल्या बोरांतली ओंजळभर बोरं माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

आठ दिवसांत तिनं सगळा कापूस दारावरच्या खरेदीदाराला देऊन टाकला. मला ते नंतर कळलं.

संक्रांत झाली आणि भाव उठला. मी लिहिलं होतं त्याहून जास्त उठला. संघाच्या खोलीवर लोक यायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. अध्यक्षांनी माझ्यासाठी पेढे आणवले. मी ते पेढे घरी नेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच्या गावी गेलो. घरातली कापसाची खोली रिकामी होती, झाडून सारवलेली.

“मले वाटलं भाव पडनार,” बाई म्हणाली. ती तूर पाखडत होती आणि सूप थांबवत नव्हती. “तू बोलला नाई. मी म्हनलं, वाईट खबर असन. चांगली असती तं माहा भाऊ बोललाच असता. वाईट हाये म्हनून त्याच्या तोंडातून निघून नाई राह्यली. म्हनून घाई केली मी.”

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं सूप बाजूला ठेवून माझे खांदे धरले. “असं नोको करू रे. तू खरा मानूस हायेस. खऱ्या मानसाले काय बोलावं?” हे तिनं टोचून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. पण ती मनापासून म्हणाली.

संघाची वार्षिक सभा पाडव्याच्या सुमाराला व्हायची. त्या सभेत एकानं तक्रार केली की यंदा सभासद नसलेल्या पुष्कळ लोकांनीही माल धरून ठेवला, म्हणजे अंदाज फुटला. अध्यक्षांनी विचारलं, “कोनं फोडला?” मग एक म्हातारे सभासद काठी टेकत उभे राहिले.

“मी सांगितलं,” ते म्हणाले. “माह्या पोरीले. पोरीले नाई सांगाचं तं कोनाले सांगाचं? टाका मले बाहेर.”

कोणीतरी हसलं. दुसरा बसल्या जागेवरून म्हणाला, “बाबाले टाकाचं तं मलेही टाका. साळ्याले सांगितलं मी.” मग तिसरा, मग चौथा. हशा वाढत गेला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी अध्यक्षच म्हणाले, “जाऊ द्या बापा. मीही जावयाले बोललो. घरच्या मानसाले बोलनं म्हनजे काही फोडनं नाई. दलालाले नाई ना सांगितलं कोनी?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “लिहा, चिटणीस. नियमभंग झाल्याचे आढळले नाही.”

मी लिहिलं. अक्षर हललं नाही. त्या खोलीत बसलेल्या इतक्या माणसांत नियम पाळणारा मी एकटा होतो, हे मला ते वाक्य लिहिताना कळलं. आणि नियमाचा अर्थ काय होता हे त्या सगळ्यांना, न लिहिता न वाचता, माझ्याआधी कळलं होतं.

त्याच सभेत मी एक ठराव मांडला. ज्यांच्या वावरातली बोंडं आपण मोजतो, त्यांना अंदाज सांगावा, सभासद असोत नसोत. अध्यक्ष म्हणाले, “चांगलं हाये, पुढल्या वर्षी पाहू.” पुढल्या वर्षी मी पुन्हा मांडला, तेव्हाही तेच म्हणाले.

वैशाखात बाईनं मुलीचं लग्न केलं. स्थळ मोगलाईतलं होतं, घर खाऊनपिऊन बरं. अमरावतीचं नाव तिनं काढलं नाही आणि मलाही काढायचं धाडस झालं नाही. मांडवात त्या म्हाताऱ्या सभासदाची मुलगी आली होती, तीही बाईच्याच गावात नांदायची. जेवणाच्या पंगतीच्या वेळी, चार बायांच्या देखत, ती सहज बोलून गेली. “आमाले तं बाबानं सांगून ठेवलं व्हतं, संक्रांतीलोक कापसाले हात लावू नोका म्हनून. तुमचा भाऊ तं संघात हाये, त्यानं नाई सांगितलं तुमाले?”

मी वाढायला चार हात अंतरावर उभा होतो. हातात वरणाची बादली होती.

बाईनं मान वर केली नाही. म्हणाली, “त्याले कोठून माहीत असन? तो निस्ता लिहिनारा. मोठे लोक सांगतीन तेवढं लिह्यते.”

तिनं माझी लाज राखली. आणि त्यासाठी, मला जिचा एवढा अभिमान होता ती माझी हुशारी तिनं एका वाक्यात लोकांपुढे काढून टाकली. मी पुढच्या पंगतीला वाढत गेलो. वरण कोणाच्या पानात किती पडलं ते मला आठवत नाही.

त्यानंतर आमचं येणंजाणं थांबलं नाही. दिवाळीत मी जायचो, ती ओवाळायची, माझ्या बायकोला पोळ्या बांधून द्यायची. पाऊस, जनावरं, लेकरांची दुखणी, सगळं बोलायची. पण त्या दिवसापासून तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. कापसाबद्दल नाही, कशाहीबद्दल नाही. “कसा हायेस?” हेसुद्धा नाही. मला पाहून म्हणायची, “बरा दिसतो.” हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसेल. तिनं ठरवून केलं की आपोआप झालं, तेही मला माहीत नाही. पण जिनं मला बोलायला शिकवलं, तिचा प्रश्न ऐकायला मी सहा वर्षं कान लावून बसलो होतो.

सातव्या वर्षी, वेचणी अर्ध्यावर आली होती तेव्हा, एका दुपारी बाईच्या शेजारची पिंजाऱ्याची बायको चार कोस चालत माझ्या दारात आली. त्यांची आणि बाईची भिंत एक होती. बाईचं लग्न झालं त्याच वर्षी तीही लग्न होऊन आलेली. मी पाणी दिलं. ती तांब्या हातात धरून उभीच राहिली.

“भाऊ, मी कसम तोडून आली,” ती म्हणाली. “तुमच्या बहिनीच्या छातीत गाठ हाये. सालभर झालं. आता उठवत नाई तिच्यानं. माह्या पोराच्या डोक्शावर हात ठेवाले लावला होता तिनं, भावाले सांगाचं नाई म्हनून. गुन्हा झाला तं माह्यावर. पन भावाले न सांगता बहीन जाईन, हे माह्याच्यानं पाहवत नाई.”

तिच्या पायात वहाणा नव्हत्या. मी दमणी जुंपली आणि तिला घेऊन तसाच निघालो. वाटेत ती एकदाही रडली नाही, फक्त मधूनमधून मुलाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायची. मुलाच्या डोक्यावरची शपथ मोडायची म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मी तर कागदावरची ओळ मोडू शकलो नव्हतो.

बाई ओसरीवर बाजेवर पडली होती. एवढीशी झाली होती. मला पाहून ती शेजारणीकडे बघत म्हणाली, “सांगितलं ना तुनं?” आणि डोळे मिटले.

“काऊन नाई सांगितलं मले?” मी विचारलं.

“सांगून काय झालं असतं?” ती हळूहळू बोलत होती. “डागदराकडं नेलं असतं. बुलढान्याले, नाईतं अकोल्याले. मंग तू रडला असता. तुहं रडनं पाहवत नाई मले. पह्यलेपासून नाई पाहवत.”

डॉक्टरला मी आणलंच. त्यानं पाहिलं, मला अंगणात नेलं आणि मान हलवली.

मी तिच्याजवळ राहिलो. भाचीला मोगलाईत निरोप धाडला, पण अवकाळी पावसानं नद्यांना पाणी होतं, तिला यायला वेळ लागला. दुपारी बाईला झोप लागत नसे. बोलायला आम्हा दोघांकडेही काही नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी घरी जाऊन आलो, आणि संघाच्या कपाटातून त्या वर्षीचा अंदाज काढून आणला. तो अजून सभेतही वाचला गेला नव्हता. मी बाजेशेजारी बसलो आणि वाचायला सुरुवात केली. मेहकरकडे पाऊस कसा झाला, चिखलीकडे पऱ्हाटी कशी आहे, खालच्या तालुक्यांत काय. पिंजाऱ्याची बायको उंबऱ्यात बसून ऐकत होती, दारात आलेला गडीही ऐकत होता. मी आवाज लहान केला नाही.

दोन पानं झाल्यावर बाई म्हणाली, “मले आता काय कराचं रे कापसाचं?”

मी थांबलो.

“पन वाच,” ती म्हणाली. “तुहा आवाज बरा वाटते.”

मी चारही पानं वाचली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. कधीतरी तिला झोप लागली. दोन दिवसांनी, सकाळी चुली पेटायच्या वेळी, ती गेली.

भाची पोचली ती तिसऱ्या दिवशी. कडेवर एक, हाताशी एक. तेराव्यापर्यंत ती राहिली. निघायच्या दिवशी गाडीची वाट बघत आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. तिची मोठी मुलगी अंगणातल्या मातीत काडीनं रेघा ओढत होती. भाची तिच्याकडे बघत सहज म्हणाली, “इले तरी शाळेत घालतो मी. माह्यावानी नोको व्हाले. मी तं अमरावतीच्या परीक्षेत नापास झाली.”

“कोनती परीक्षा?” मी विचारलं.

“मास्तरनं घेतली नोती का, पेपर अमरावतीले धाडले व्हते. मायनं सांगितलं, तिथून नकार आला. तुहा नंबर नाई लागला म्हने. मी लय रडली व्हती तवा. मंग माय म्हने, जाऊ दे, सासर चांगलं पाहून देतो.”

परीक्षा झाली होती ते खरं. पण नकार कुठूनही आला नव्हता. मास्तरांकडे अमरावतीहून आलेलं पत्र मी स्वतः पाहिलं होतं. तिथून होकार आला होता आणि जागा राखून ठेवली होती. बाईनं मुलीला खोटं सांगितलं, अशासाठी की मुलीनं कधी विचारू नये की आपला कापूस त्या साली स्वस्तात का गेला आणि मामा कुठं होता.

मी गप्प बसू शकलो असतो. बाईची तशीच इच्छा होती. पण मी भाचीला सगळं सांगितलं. संघ, अंदाज, नियम, तो बाजाराचा दिवस, ती अंगणात उभी होती आणि आत तिच्या आईनं काय विचारलं, मी काय केलं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तिच्या मुलीच्या हातातल्या काडीकडे बघत होतो. मला वाटलं ती उठून जाईल, नाहीतर मला बोल लावेल. त्याची मी सात वर्षं वाट पाहिली होती.

तिनं मांडीवरचं लेकरू खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, “म्हनजे मामा, मी नापास नोती?”

“नोतीस,” मी म्हणालो. “पह्यली व्हतीस.”

तिनं पदर तोंडावर घेतला. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. दोन्ही असावं. तेवढ्यात गाडी आली. तिनं लेकरांना वर बसवलं, खाली उतरून माझ्या पाया पडली, आणि गाडी मोगलाईच्या वाटेला लागली. मी घर बंद केलं, किल्ली दिराकडे द्यायला मलकापूरला गेलो. तिथून परत यायला मला तीन दिवस लागले. एवढे दिवस लागायला नको होते, पण माझ्याच्यानं लवकर चालवलं नाही.